गाविलगड : दोन टनांच्या तोफा आणि तीस मैलांची वाट

तोफची अचलपूरकर (धागा सुरू करणारे)

सर्वांना नमस्कार. मी अचलपूर तालुक्यातील एका लहान गावचा कास्तकार आहे. संत्र्याची बाग आणि थोडे कोरडवाहू वावर सांभाळतो, आणि त्याआधी बावीस वर्षे सैन्याच्या तोफखान्यात नोकरी केली. माझ्या वावराच्या उत्तरेकडच्या धुऱ्यावर उभे राहिले की सातपुड्याची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी दिसते, आणि दिवाळीनंतर हवा स्वच्छ झाली की त्या रांगेतला गाविलगडाचा डोंगर बोट दाखवून सांगता येतो. लहानपणापासून तो डोंगर पाहत आलो, तरी तो एके काळी चारशे वर्षांहून अधिक काळ सतत जागते असलेले लष्करी ठाणे होते, ही गोष्ट नोकरीतून परत आल्यावरच माझ्या नीट ध्यानात आली.

मागच्या महिन्यात नातवाला घेऊन गडावर गेलो होतो. चिखलदऱ्याच्या बाजूने फारसा चढ न चढता आपण तटाजवळ पोचतो. त्यामुळे तो म्हणाला, “आजोबा, इथे तर कोणीही येऊ शकते, मग हा गड मजबूत कसा?” गडावरच्या एका पाहुण्यांनीही माझ्याजवळ असाच प्रश्न काढला होता, की एवढा मोठा किल्ला इंग्रजांनी एका सकाळी कसा घेतला. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, आणि ते तटाच्या दगडात शोधून सापडत नाही, वाटेत सापडते. त्यासाठीच हा धागा काढला आहे.

गडाची जागा आधी समजून घ्यावी लागेल. दक्षिणेला पूर्णेचा सपाट, काळ्या मातीचा मुलूख आहे, ज्याला जुन्या कागदांत पयानघाट म्हणतात. उत्तरेला डोंगरांमागून डोंगर असून त्यांच्या पलीकडे तापी आणि मग नर्मदा येते. उत्तरेतून वऱ्हाडात उतरायचे असेल तर सातपुड्याच्या मोजक्या घाटांतूनच उतरावे लागे, कारण मोठी फौज, बैल आणि रसद घेऊन वाटेल तिथून डोंगर ओलांडता येत नव्हता. त्या घाटांच्या तोंडाशी, दोन नद्यांच्या उगमांच्या मधल्या उंच पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर हा गड बसवलेला आहे. खाली एलिचपूर, म्हणजे आपले अचलपूर, ही वऱ्हाडची राजधानी होती. राजधानी सपाटीवर आणि तिचा आसरा डोंगरावर, अशी ही जोडी होती. जुना फारसी इतिहासकार फिरिश्ता याच्या नोंदीप्रमाणे अहमदशाह वली बहमनी याने १४२५ च्या सुमारास एलिचपुरात मुक्काम असताना हा गड बांधला. परंतु ‘गाविल’ हे नाव गवळ्यांचे आहे, तेव्हा त्या जागी गवळ्यांचे एखादे मातीचे ठाणे आधीपासून असावे, असे मानायला जागा आहे. पुढे इमादशाही, अहमदनगरची निजामशाही, १५९८ नंतर मोगल आणि शेवटी नागपूरकर भोसले असे धनी बदलत गेले, पण गडावरची फौज, म्हणजे शिबंदी, कोणीही काढून घेतली नाही. आइन-ए-अकबरीत या गडाचे वर्णन जवळजवळ बिनजोड मजबुतीचा किल्ला असे आले आहे, आणि त्याच ठिकाणी असेही लिहिले आहे की गडावर एक झरा असून त्याच्या पाण्यात पोलादी हत्यारांना पाणी देतात. माझ्या दृष्टीने ती ओळ फार मोलाची आहे. जिथे हत्यारांना पाणी दिले जाते ते ठिकाण केवळ पळून जाऊन लपण्याचे नसते, तिथे कारागीर, भट्ट्या, कोळसा, धान्य आणि बारमाही राबता असतो.

आता १८०३, शिंदे आणि भोसले यांचे इंग्रजांशी युद्ध. असईची लढाई २३ सप्टेंबरला झाली, शिंद्यांचा अशीरगड २१ ऑक्टोबरला गेला आणि २९ नोव्हेंबरला आपल्याच भागातील अडगावच्या मैदानावर भोसल्यांची फौज मोडली. त्या फौजेतील कवायती पायदळाचा बराच भाग गाविलगडावर चढून बसला. किल्लेदार बेणीसिंह हा रजपूत होता. इंग्रजांचे जनरल आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एलिचपूरला पोचले. वेलस्लीने गव्हर्नर जनरलला लिहिलेल्या पत्रात गडाचे वर्णन इतके नेमके केले आहे की आजही ते हातात धरून गड फिरता येतो. दक्षिणेला, जिथे कडा सर्वांत उभा आहे, तिथे आतला किल्ला. त्याला वायव्येकडून आणि उत्तरेकडून झाकणारा बाहेरचा किल्ला. आणि त्याच्याही पुढे, लबाडा गावाकडून येणारी वाट अडवणारा तिसरा तट. दक्षिणेच्या दरवाजाची चढण लांब, उभी आणि फक्त माणसांना चढता येईल अशी. वायव्येच्या दरवाजाची वाट अरुंद, दोन्ही बाजूंना तासलेला खडक, आणि बऱ्याच अंतरापर्यंत गडाच्या माऱ्यात. उरली ती उत्तर. तिथे लबाड्याची जमीन आणि गडाची जमीन एका पातळीत आहे. म्हणजे निसर्गाने गडाला एकच दार उघडे ठेवले होते, आणि त्या दारापर्यंत पोचायला एलिचपूरहून डोंगरातून सुमारे तीस मैल जावे लागत होते.

त्या तीस मैलांवरच गडाचा सगळा भरवसा होता. लबाड्याला फौज येईल, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतेच, नाहीतर तिसरा तट कशाला उभारला असता. पण तट फोडण्याजोग्या जड तोफा तिथे येणार नाहीत, असा तो हिशेब होता, आणि तो हिशेब शतकानुशतके बरोबर ठरला.

स्टीव्हन्सनच्या फौजेने ७ डिसेंबरला चालायला सुरुवात केली आणि १२ तारखेला लबाड्यापाशी मोर्चाचे खोदकाम सुरू केले. पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांबद्दल वेलस्ली लिहितो की जड तोफा आणि सामान जवळजवळ संपूर्ण वाटभर माणसांनी हाताने ओढून डोंगरांवरून आणि दऱ्यांतून नेले, आणि ती वाटही सैनिकांना आधी स्वतःच तयार करावी लागली. मी तोफखान्यात होतो म्हणून हे वाक्य वाचताना माझे हात दुखू लागले, असे लिहिले तर त्यात अतिशयोक्ती मानू नये. त्या मोर्च्यात १८ पौंडी दोन लोखंडी तोफा होत्या. अशा एका तोफेची नुसती नळीच सुमारे दोन टनांची असते. आमची १०५ मिलिमीटरची फील्ड गनही दोन टनांवरच आहे, आणि डोंगरात गाडी बंद पडल्यावर ती आम्ही दोरांनी ओढली आहे. चढावर वीसपंचवीस जण दोराला लागतात, दोन जण चाकामागे लाकडी ठोकळा घेऊन वाकून चालतात, आरोळीसरशी तोफ हातभर पुढे सरकते, ठोकळा सरकतो आणि सगळे दम घेतात. उतार त्याहून वाईट, कारण तिथे तोफ माणसांना ओढते. शंभर पावले नेल्यावर तळहाताची कातडी दोराला चिकटून येते. हे आम्ही केले ते तयार रस्त्याच्या कडेला, पक्क्या चाकांवर. त्यांनी ते रस्ता नसताना केले.

१३ तारखेच्या सकाळी तोफा सुरू झाल्या, १४ च्या रात्रीपर्यंत खिंडार पडले आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी सकाळी दहाच्या सुमारास हल्ला झाला. गड एका सकाळी पडला असे आपण म्हणतो, परंतु माझ्या मते तो ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत, लबाड्याच्या वाटेवर पडला. जाणकारांनी यात भर घालावी आणि माझे चुकत असेल तर दाखवून द्यावे.


पूर्णाकाठ, ता. अकोट

काका, आपण फार नेमके लिहिले आहे. एक गोष्ट मात्र जोडावीशी वाटते. आम्ही अकोट भागातले असल्यामुळे आमच्या डोळ्यांसमोर नरनाळा असतो, आणि गाविलगडाचे लष्करी मोल नरनाळ्याशिवाय पूर्ण समजत नाही. सातपुड्याच्या दक्षिण कडेने पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहत गेले तर बऱ्हाणपूरजवळचा अशीरगड, मग नरनाळा आणि मग गाविलगड असे तीन गड लागतात. अशीरगडाला तर दख्खनचा दरवाजाच म्हणत. म्हणजे एका लांबलचक डोंगरी भिंतीतील दारांवर बसवलेले हे पहारे होते, आणि एका दाराशी अडवलेली फौज दुसऱ्या दाराकडे वळली की तिथला पहारा आधीच सावध झालेला असे. फिरिश्त्यानेही अहमदशाहाच्या नावावर गाविलगडाची बांधणी आणि नरनाळ्याची दुरुस्ती एकाच मुक्कामात नोंदवली आहे, तेव्हा त्या बादशहाच्या मनात ही दोन ठाणी एकाच कामाची होती, असे म्हणता येईल.

यावरून १८०३ मधील वेलस्लीची चालही अधिक स्पष्ट होते. आधी स्टीव्हन्सनच्या फौजेने अशीरगड घेतला. त्यामुळे शिंद्यांचा या भागातला आधार गेला, आणि स्टीव्हन्सनच्या फौजेला वेढ्यासाठी लागणारी सिद्धता अशीरगडावरच करता आली. लबाड्याची मुख्य कामगिरी स्टीव्हन्सनकडे देण्याचे कारणही वेलस्लीने हेच दिले आहे. म्हणजे एका पहाऱ्याच्या जागेवरून दुसऱ्या पहाऱ्यावर चाल झाली. ज्या साखळीने वऱ्हाडचे रक्षण करायचे तिचीच पहिली कडी शत्रूच्या हाती गेल्यावर तिसरी कडी किती काळ टिकणार होती, याचा विचार करताना मला दरवेळी वाईट वाटते.


शाळा मेळघाट

आदरणीय काकांना नमस्कार. मी चिखलदरा तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या वर्गातील बहुतेक मुले कोरकू आहेत, काही गवळी घरांतील आहेत. गडाच्या नावाचा उल्लेख आपण केलात, त्यावरून सांगते की चिखलदऱ्याच्या आसपास गवळी कुटुंबे आजही म्हशी राखतात आणि पर्यटक जो खवा घेऊन जातात तो त्यांच्याच घरचा असतो. वर्गात गडाचे नाव फळ्यावर लिहिले की ती मुले ताठ बसतात.

मला लिहायचे आहे ते वाटांविषयी. मेळघाट या नावातच घाटांचा मेळ आहे. डोंगराळ भागात राहणाऱ्या माणसाची वाट आणि फौजेची वाट या दोन वेगळ्या गोष्टी असतात. मुलांच्या सोबतीने मी एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जाते तेव्हा ती मुले ज्या पाऊलवाटेने पाऊण तासात नेतात, तीच वाट गाडीरस्त्याने गेल्यास मोठा वळसा पडतो. पाऊलवाट धारेवरून सरळ उतरते, ओढा दगडांवरून ओलांडते, बांबूच्या बेटातून एकेक माणूस जाईल एवढीच असते. अशा वाटांचे जाळे हेच गडाचे कान आणि डोळे असणार, कारण बातमी, दूध, लाकूड, कोळसा सगळे त्याच वाटांनी वर जात असणार. वेलस्लीच्या पत्रातील ‘वाट सैनिकांना स्वतःच करावी लागली’ या वाक्याचा अर्थ मी असा लावते की वाटा होत्या, परंतु त्या दोन टनांच्या तोफेसाठी नव्हत्या. त्या पाऊलवाटांना रुंद करताना किती झाडे तोडली, किती दगड फोडले आणि त्या कामाला आसपासच्या वस्त्यांतील किती माणसे धरून नेली, याविषयी इतिहास लिहिणाऱ्यांनी एक ओळ तरी लिहायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक. आमच्याकडे पावसाळ्यात ढग खाली उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि दगडांवर शेवाळ चढते. डिसेंबरात मात्र आकाश निरभ्र, नाले कोरडे आणि माती घट्ट असते. हा वेढा चार महिने आधी पडला असता तर काय झाले असते?


तोफची अचलपूरकर

ताई, आपण विचारलेला प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर माझ्या वावराच्या पांदणीतच आहे. भाद्रपदात त्या पांदणीत रिकामी बंडी घातली तरी ती आसापर्यंत रुतते, बैल गुडघ्यावर येतात, आणि शेवटी जू सोडून बैल मोकळे करावे लागतात. संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला येतो त्या वेळी मात्र त्याच मातीवर भरलेला ट्रॅक्टर धूळ उडवत जातो. काळ्या मातीचा हा स्वभाव वऱ्हाडातील प्रत्येक लढाईत मोजावा लागतो. पावसाळ्यात लबाड्यापर्यंत तोफा नेणे तर दूरच, त्या एलिचपूरपर्यंतही वेळेत आल्या नसत्या. गडाचे मोल वर्षातील चार महिने आपोआप दुप्पट होत असे. हिवाळा आणि उन्हाळा मात्र शिबंदीलाच जागून काढावा लागे.


वर्धेपलीकडचा

माझ्या मते मूळ लेखात किल्लेदाराच्या चुकीचा विचार सुटला आहे. शत्रू पाच दिवस डोंगरात तोफा ओढत होता. दोर हातात असलेल्या माणसाच्या हातात बंदूक नसते. गडावर कवायती पायदळ होते, आणि त्यांच्या हाती कंपनीच्याच नव्या बंदुका आणि संगिनी होत्या, असे वेलस्लीच लिहितो. मग त्यांनी बाहेर पडून ती वाट का तोडली नाही? ज्या ठाण्याचे सगळे मोल वाटेवर अवलंबून आहे, त्याच्या शिबंदीने वाट सोडून तटामागे बसावे, ही गोष्ट मला पटत नाही. तटाने गड राखला जातो हा समजच त्या दिवशी नडला असावा.


तोफची अचलपूरकर

आपला मुद्दा बरोबर आहे आणि मी तो लिहायला हवा होता. तरीही किल्लेदाराच्या जागी उभे राहून पाहू.

एकतर ६ तारखेलाच वेलस्लीने तुकड्या पाठवून गडाच्या दक्षिणेकडची जमीन भोसल्यांच्या माणसांकडून मोकळी करून घेतली होती. म्हणजे गडाचे पायथ्याकडचे हातपाय आधीच आखडले गेले. दुसरे असे की तो स्वतः आपली तुकडी आणि सगळे घोडदळ घेऊन देवगावच्या बाजूला, दक्षिणेच्या पायथ्याशी येऊन बसला. बेणीसिंहाला वरून दोन फौजा दिसत होत्या, एक समोर आणि एक पाठीमागच्या डोंगरात शिरलेली. उत्तरेच्या वाटेवर मोठी तुकडी पाठवली तर दक्षिण आणि वायव्य दरवाजे कमकुवत होणार, आणि अडगावला नुकतीच मोडून आलेली शिबंदी उघड्यावर पुन्हा लढायला किती मनाने तयार असेल, हाही विचार त्याच्यापुढे असणार. लढाई हरून आलेल्या पलटणीला लगेच पुन्हा बाहेर काढणे किती कठीण असते, हे ज्याने गणवेश घातला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

वेलस्लीने दक्षिणेकडेही मोर्चा लावला होता. १२ पौंडी दोन लोखंडी आणि दोन पितळी तोफांनी दक्षिण दरवाजाजवळचा तट फोडण्याचा त्याचा प्रयत्न होता, आणि तो साधला नाही. तोफचीच्या नजरेने सांगायचे तर खालून वर मारा करताना गोळा तटाला सरळ न बसता तिरका बसतो, त्यामुळे दगड फुटण्याऐवजी गोळाच उसळतो. उत्तरेला समपातळीवरून मारलेला अठरा पौंडांचा, म्हणजे सुमारे आठ किलोंचा गोळा मात्र त्याच जागी पुन्हा पुन्हा सरळ बसत गेला की दोन दिवसांत तटाचा चेहरा खाली येतो. म्हणजे बांधणाऱ्यांचा दक्षिणेबद्दलचा हिशेब शेवटच्या दिवसापर्यंत अचूक राहिला. तरीही त्या निकामी माऱ्याचा उपयोग झाला, कारण त्याने शिबंदीचा एक हिस्सा दक्षिणेला बांधून ठेवला.

१५ तारखेला खिंडारातून बाहेरच्या किल्ल्यात शिरल्यावरही काम संपले नव्हते. आतल्या किल्ल्याच्या तटाला खिंडार पडलेलेच नव्हते, आणि मध्ये खोल दरी होती. तिथे बराच वेळ इंग्रजांची फौज अडकली. शेवटी ९४ व्या पलटणीचा कॅप्टन कॅम्पबेल हलक्या पायदळाच्या तुकडीसह शिड्या लावून तटावर चढला आणि त्याने आतून दरवाजा उघडला. त्या क्षणापर्यंत गड लढत होता. म्हणून आपण ‘तटामागे बसले’ म्हणता तेव्हा एवढी दुरुस्ती सुचवतो की त्या तटामागे बसलेल्यांनी तटावरच जीव दिला. दरवाजांपाशी मोठ्या संख्येने माणसे मारली गेली, हे विजेत्यानेच लिहून ठेवले आहे.


बेनोडा रस्ता

बेणीसिंहाविषयी दोन शब्द. तो दरवाजापाशी लढताना पडला. त्याच्या घरातील काही स्त्रियांनी शत्रूच्या हाती लागू नये म्हणून मरण पत्करले. आपल्या भागात असई-अडगावची चर्चा होते, रघुजी भोसल्यांचे नाव निघते, वेलस्लीचे नाव तर पाठ्यपुस्तकात आहे, परंतु बेणीसिंहाचे नाव गडावर गेलेल्या शंभरातल्या दोघांनाही ठाऊक नसते. गडाचे लष्करी मोल आपण तोफांच्या वजनावरून मोजत आहोत ते योग्यच आहे, पण ते मोल आपल्या जिवापेक्षा मोठे आहे असे मानणारी माणसे तिथे होती, याचीही नोंद या धाग्यात असावी म्हणून लिहिले.


परतवाडा जुनी छावणी

सगळा धागा एका बैठकीत वाचला. गड पडल्यानंतर काय झाले, याकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. माझ्या मते या ठाण्याचा खरा शेवट १८०३ मध्ये झालाच नाही.

गड पडल्यानंतर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ ला, देवगावच्या तळावर तह झाला. भोसल्यांनी कटक आणि बालेश्वर इंग्रजांना दिले, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, जो पुढे हैदराबादच्या निजामाकडे गेला. मात्र गाविलगड आणि नरनाळा हे दोन गड, भोवतालच्या चार लाखांच्या महसुलाच्या मुलखासह, भोसल्यांकडेच ठेवले गेले. नुकताच रक्त सांडून घेतलेला गड परत मिळवावासा वाटावा, यावरून भोसल्यांच्या मनात त्याचे मोल किती होते ते कळते. परंतु मला ही गोष्ट फार दुःखाची वाटते. गड राहिला आणि ज्या पयानघाटासाठी गड होता तो पयानघाट गेला. पुढे इंग्रजांशी झालेल्या १८१७-१८ च्या युद्धानंतर गडही भोसल्यांच्या हातून गेला आणि १८२२ च्या तहाने निजामाकडे आला. निजामाच्या नावाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी हैदराबाद कंटिंजंट फौज होती, तिची छावणी एलिचपूरजवळ सपाटीवर पडली, आणि त्या छावणीभोवती आमचे परतवाडा वाढले. लष्कर डोंगरावरून खाली उतरले ते असे. १८२३ मध्ये त्याच फौजेच्या कॅप्टन रॉबिन्सनने शेजारचे चिखलदरा थंड हवेचे ठिकाण म्हणून पुढे आणले, आणि ज्या पठारावर एके काळी शत्रूच्या तोफा येतील म्हणून पहारा असे, तिथे साहेबांचे बंगले उभे राहिले.

तरीही गडाची भीती इंग्रजांच्या मनातून गेली नव्हती. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेला आले आणि मुलताईपर्यंत पोचले. मुलताई म्हणजे तापीचा उगम, तिथून हा गड डोंगरांच्या रांगेतच येतो. तात्या वऱ्हाडात उतरले तर नागपूरपासून दक्षिणेपर्यंत पुन्हा वणवा पेटेल, या धास्तीने घाट रोखले गेले, आणि गड त्यांच्या हाती लागू नये म्हणून त्याच वर्षी त्याचे तट पाडून तो निकामी केला गेला. तात्यांना वाट न मिळाल्याने ते पश्चिमेकडे वळले. पंचावन्न वर्षे ज्या गडावर मोठी लढाई झाली नव्हती, त्याचे तट एका येऊ शकणाऱ्या माणसाच्या धास्तीने पाडले गेले, यापेक्षा त्याच्या लष्करी मोलाची मोठी पावती मला तरी दिसत नाही. तोफची काकांच्या वाक्याला जोडून म्हणतो, लबाड्याच्या वाटेवर गड पडला, पण तो बंद झाला तो १८५८ मध्ये.


पूर्णाकाठ, ता. अकोट

छावणीकर भाऊंचे म्हणणे पटले. माझा एक प्रश्न आहे. गडावर आज जिथे तट ढासळलेला दिसतो तिथे तो १८०३ च्या तोफांनी पडलेला आहे की १८५८ मध्ये पाडलेला, हे पाहून ओळखता येते का?


तोफची अचलपूरकर

सावधपणे लिहितो, कारण दोनशे वर्षांचा पाऊस, वडापिंपळाची मुळे आणि दगड उचलून नेणारे हात यांनी बरेच काही मिसळून टाकले आहे. तरीसुद्धा दोन्हींत फरक असतो. गोळ्याने पाडलेला तट बाहेरून आत ढकलला जातो, त्याचा पुढचा चिरेबंदी थर आधी सुटतो आणि मागचा भराव त्याच्यावर घसरून एक उतार तयार होतो. हल्ला करणाऱ्याला वर चढायला तोच उतार हवा असतो. सुरुंग लावून पाडलेल्या तटाचे चिरे मात्र दोन्हीकडे फेकले जातात आणि खाली मोकळी जागा राहते. मागच्या वेळी उत्तरेच्या बाजूला एका ठिकाणी मी आणि नातू बराच वेळ बसलो होतो. तिथे मातीत अर्धे गाडलेले चिरे एकाच दिशेला, तटाच्या आतल्या अंगाला, कलंडलेले होते. त्यांच्या फटींतून सीताफळाची झुडपे वर आली होती, आणि एका चिऱ्याच्या कडेला चुन्याचा बोटभर जाडीचा पांढरा थर अजून घट्ट होता. नखाने खरवडला तरी निघेना. तेच १८०३ चे खिंडार, असा दावा मी करणार नाही. पण नातवाला तिथे उभे करून लबाड्याच्या दिशेने तोंड करायला सांगितले, तेव्हा त्याने स्वतःच विचारले, “म्हणजे इथे जमीन सपाट आहे म्हणून?” त्याचा पहिला प्रश्न आणि हा प्रश्न यांत दोन तासांचे अंतर होते.

आता एक विनंती. आपण सर्वजण गडावर वरूनच जातो, म्हणून तो सोपा दिसतो. येत्या १५ डिसेंबरच्या आसपास एका रविवारी दक्षिणेच्या पायथ्याकडून गड पाहावा, असा माझा विचार आहे. गड व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, त्यामुळे वनखात्याची रीतसर परवानगी मिळेल तेवढ्याच भागात जायचे आहे. परवानगीचा अर्ज मी करतो. शाळेच्या ताईंनी मुलांपैकी चारपाच मोठी मुले आणली तर वाटांविषयी त्यांच्याकडून आम्हालाच शिकता येईल. परतवाड्याहून सकाळी सहाला निघू. प्रत्येकाने दोन लिटर पाणी, भाकरी आणि जाड तळाची पादत्राणे आणावीत. मी जुना वीस हातांचा दोर घेऊन येतो. उतरणीला माझ्या गुडघ्यांना लागेल, आणि वर पोचल्यावर लाकडाच्या एका ओंडक्याला बांधून तो चढावर ओढला की मुलांना पाच दिवसांचा अंदाज येईल.


शाळा मेळघाट

काका, आम्ही येतो. सातवीतील सहा मुले तयार आहेत, त्यांपैकी दोघे गवळ्यांची आहेत. ओंडका त्यांनी आजच शोधून ठेवला आहे.